कद्दीश आधी कुणी म्हणायचं

अगं शुला, ये, जरा जवळ बस. तिकडं परदेशात, अश्दोदला समुद्राचं वारं खाऊन मावशीला विसरलीस होय? फोनवर नुसते लाल बदाम पाठवतेस. त्यांची काय मी खीर करू?

रेवदंडा सोडला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. लाल एसटीच्या खिडकीशी बाबा उभे होते. "सोलापूर कोरडं गाव आहे, पण आपली माणसं आहेत तिथं. त्यांना धरून राहा," एवढंच म्हणाले. तुझी आई फाटकात रडत होती. इथं आले तर अंगणात नारळ नाही, नळाला पाणी नाही, आणि शेजारी मागांचा खटखटाट. तरी रेल्वे क्वार्टरांत आपल्या ज्यूंची पुष्कळ घरं. शब्बाथच्या, शनिवारच्या प्रार्थनेला हॉलमध्ये बसायला जागा पुरायची नाही. आता ती सगळी तुमच्याकडंच आली की.

गेल्या हिवाळ्यात तुझे काका गेले. आमच्या अवीनं बापासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायला घेतली. त्याच आठवड्यात आमच्यातल्याच दानियलची आईही गेली. दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीश होत नाही, तुला ठाऊकच आहे. आणि इथं मोजून दहाच उरलेत.

इथली जुनी रीत अशी, की एकानं पुढं उभं राहून म्हणायचं, मग दुसऱ्यानं. बाकीच्यांनी आमेन द्यायचं. दानियल मुंबईत शिकलेला. तो म्हणाला, तिकडं सगळे एकदमच म्हणतात, आईसाठी मी का थांबू? आमच्यातले थोरले मोझेसकाका चिडले. असं करणार असाल तर मी आणि माझी दोन्ही पोरं घरीच बसतो, म्हणून निरोप धाडला.

मला घाम फुटला, शुला. तीन माणसं गेली तर माझ्या माणसाचं कद्दीशच बंद. बायकांना दहात धरत नाहीत, पण बोलायला कोण अडवतंय? गेले मोझेसकाकांच्या घरी.

"वहिनी, आमचे आजे असंच म्हणत आले. आज हे सोडलं तर उद्या काय ऱ्हातंय?"

"भावजी, रीत राहील हो. पण पाळायला माणसं?"



शब्बाथला मोझेसकाका आले, पण भिंतीकडं तोंड करून बसले. अवी आणि दानियल एकदम उभे राहिले. दानियलचं मुंबईचं घाईचं, अवीचं आमचं सावकाश. आमेन कुठं द्यायचं तेच कुणाला कळेना. कुणी मधेच दिलं, कुणी दिलंच नाही. मोझेसकाका उठले. वाटलं, आता हे जाणार. तर ते दोघांच्या मधे जाऊन उभे राहिले आणि सावकाश चालीवर स्वतःच म्हणू लागले. दोघे त्यांच्या मागोमाग. संपल्यावर म्हणाले, "एकदम म्हणा, पण एका चालीनं म्हणा. न्हायतर मेल्यांनाबी कळायचं न्हाय, कुणाचं चाललंय."

भांडण मिटलं, भीती नाही मिटली. दानियलचे कागद आलेत. सणानंतर तोही तिकडं निघाला. मग नऊ. उद्या माझ्यासाठी अवी उभा राहील, पण आमेन कोण देईल? आधी रेवदंडा घर होतं, मग सोलापूर झालं. आता वाटतं, आपल्या मागं आमेन देणारं कुणी असेल तेच घर. ते इथं संपत आलंय, आणि तुझ्या काकांना इथल्या मातीत ठेवून मला कुठं जायचं नाही.

त्यांचं वर्ष भरेल तेव्हा परत ये. जावईबापूंना आण, दोन्ही मुलांना आण. मराठी येत नसली तर असू दे, आमेन सगळ्यांना येतं. तिकीट काढलंस की कळव, मी गाद्या उन्हात घालते.