दारावरच्या हेदविकाबाई

चेक देशातल्या ओलोमोउत्स शहरातल्या त्या विद्यार्थी वसतिगृहाच्या दारात, काचेच्या खिडकीमागे हेदविकाबाई एकवीस वर्षं बसल्या होत्या. परदेशी पोरांशी त्यांचं एकवीस दिवसही पटलं नव्हतं. सहा महिन्यांसाठी यायचं, दर शुक्रवारी प्राग नाहीतर व्हिएन्ना गाठायचं आणि सोमवारी सुजल्या डोळ्यांनी खोलीची चावी मागायची, तीही इंग्रजीत! बाईंना इंग्रजी कळायचं. उत्तर मात्र त्या चेकमध्येच देत, वसकन अंगावर आल्यासारखं.

एकोणिसाव्या वर्षी त्यांना स्वतःला जर्मन शिकायला विद्यापीठात जायचं होतं. गुणही होते. पण कम्युनिस्टांचं राज्य होतं आणि काका सीमा ओलांडून पळालेला, म्हणून पुतणीचा अर्ज परत आला. पुढची वीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात गेली. ही गोष्ट त्या कुणाला सांगत नसत.

त्या सप्टेंबरात स्पेनहून नेरेया आली. पहिल्याच दिवशी खिडकीशी वाकून, मोडक्या चेकमध्ये म्हणाली, "ए, मला चावी दे."

"दे? मी काय तुझ्या वर्गात आहे? 'द्या' म्हणायचं. आणि चावीची विभक्ती चुकली."

पोरगी कानापर्यंत लाल झाली. दुसऱ्या दिवशी चावी खिशात असूनही परत हजर. "तिकिटं कुठे मिळतात? पत्राला लावायची?"

"पोस्टात. आणखी कुठे, खाटकाकडे?"

नेरेयाने खाटकाचा शब्द वहीत लिहून घेतला. मग हे रोजचंच झालं. तिच्याबरोबरची स्पॅनिश पोरं चिडवत, "म्हातारीच्या शिव्या खायला पाठवलं का तुला घरच्यांनी?" तरी ती त्यांच्या सहलींना जाईना.

डिसेंबरात बाईंनी तोंडावरच विचारलं, "माझ्या मागे का लागलीस? मी शिकवण्या घेत नाही."

"बाकी सगळे गोड हसतात आणि इंग्रजीत बोलतात," नेरेया म्हणाली. "चुका फक्त तुम्ही काढता. मला तुम्ही अजिबात आवडत नाही. पण शिकते मी इथेच."

बाईंनी खिडकी खाडकन सरकवली. आवडत नाही म्हणे! एवढीशी कार्टी येते काय, आपल्याला विहिरीसारखं उपसते काय, आणि वर तोंड करून सांगते काय!

जानेवारीत तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात कुणीतरी तेल जाळलं. घंटा घणघणली, बंब आला. कुणी जाळलं ते बाईंनी पाहिलं नव्हतं. तरी तक्रारीच्या कागदावर त्यांनी नेरेयाचं नाव लिहिलं. साडेचारला जिन्यावरून पळताना दिसली, असंही वर जोडलं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

व्यवस्थापकाने दोघींना बोलावलं, दुभाषी देऊ केला.

"नको," नेरेया म्हणाली. "साहेब, बाईंच्या खुर्चीवरून जिना दिसतच नाही. मध्ये कपाट आहे. मी चार महिने त्या खिडकीशी उभी राहिलेय, मला ठाऊक आहे. साडेचारला मी ग्रंथालयात होते, तिथे माझी नोंद आहे. बाईंना माझा राग आहे, तर तसं लिहावं. खोटं कशाला लिहायचं?"

व्यवस्थापक खाली जाऊन त्या खुर्चीत बसून आला. कपाट होतंच.

बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पोरीची एकही विभक्ती चुकली नव्हती, हे त्यांच्या कानांनी टिपलं होतं. त्यांना अभिमान वाटला असं म्हणावं, तर ते खोटं होईल. आपलंच धान्य खाऊन कोंबडी आपल्याच डोळ्यावर चोच मारते, तसं त्यांना झालं.

"माफी मागा," व्यवस्थापक म्हणाला.

"चुकलं माझं," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"मी माफ करत नाही," नेरेया म्हणाली आणि दार न आपटता निघून गेली.

बाईंची बदली मागच्या इमारतीत, चादरींच्या कोठीत झाली. जूनमध्ये फलकावर चेक भाषेच्या पदवी वर्गाची यादी लागली. गठ्ठा घेऊन जाताना बाई थांबल्या. सातव्या ओळीत नेरेयाचं नाव होतं. आता पोरगी तीन वर्षं इथेच राहणार होती.

"ओळखीचं कुणी आहे का?" बरोबरच्या बाईने विचारलं.

"एक उद्धट कार्टी आहे," हेदविकाबाई म्हणाल्या. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला आणि कोठीकडे चालू लागल्या.