गायकवाडांच्या जीपचे ब्रेक

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला घेतली की नट हरवतात, पाने हरवतात, रविवार हरवतात. किस्सा मात्र एकही हरवत नाही! ऐंशी सालच्या आसपास नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत गायकवाडांच्या जीपला नवे ब्रेक पाइप बसवायला आम्हाला तीन महिने लागले. जाणकार मेकॅनिकला दोन दिवस पुरले असते. पण मेकॅनिककडे दिली असती, तर आज मी तुम्हाला काय सांगितलं असतं?

गायकवाड रेल्वेत बुकिंग क्लार्क. लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात त्यांनी ही जीप घेतली, ती एकाच हौसेपायी. सुशीलावहिनींचं माहेर नांदगावचं. दर खेपेला एसटीत उभं राहून जाणाऱ्या बायकोला एकदा तरी स्वतःच्या गाडीतून माहेरच्या दारात उतरवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

*

पहिल्याच रविवारी ते वहिनींना घेऊन देवळाली कॅम्पात मेहुणीकडे निघाले. बाजाराच्या अलीकडे उतार आहे. तिथे त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं! समोर कडब्याने भरलेली बैलगाडी होती. बैल सोडलेले होते म्हणून बरं. जीप नाकासकट कडब्यात घुसली आणि थांबली.

वहिनी शांतपणे उतरल्या. अंबाड्यातला कडबा काढला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "अहो, ब्रेक असलेली गाडी झाली की सांगा. तोवर मी हिच्यात बसायची नाही."

आणि बसने घरी आल्या. गायकवाड जीप दोराने ओढून आणेपर्यंत त्यांचा स्वयंपाकही झाला होता!

*

शेजारचे पवार सुभेदार हे निवृत्त फौजी ड्रायव्हर. त्यांना बोलावलं. ते जीपखाली शिरले आणि बराच वेळ नुसता ठकठक आवाज आला. मग बाहेर एक हात आला. हातात लाल भुगा.

"गायकवाड, ह्यो पाइप नाय. पाइप कवाच निघून गेला. त्याचा गंज तेवढा ड्युटीवर हाय!"

चारही चाकांचे पाइप बदलायचं ठरलं. आमच्या कंपूत चौघे होतो. गायकवाड मालक, सुभेदार उस्ताद, शाळेत विज्ञान शिकवणारे देवरे सर सल्लागार. माझ्या हाताला काही येत नाही हे कॉलनीत माहीत असल्यामुळे मला एक वाटी देऊन नट सांभाळायला बसवलं.

*

जुने नट गंजून घट्ट बसले होते. सुभेदार म्हणाले, "जोर नका लावू. रोज दोन टायमाला रॉकेल सोडा."

त्या काळी रॉकेल रेशनवर. गायकवाड स्टोव्हच्या डब्यातून गुपचूप काढून नटांना पाजत राहिले. चौथ्या दिवशी पोळी तव्यावर असताना स्टोव्ह विझला. वहिनींनी डबा हलवून पाहिला. मग बाहेर आल्या आणि जीपखाली वाकून म्हणाल्या,

"तुमचे नट शिजले असतील, तर आज त्यांनाच वाढा जेवायला!"

*

नव्या पाइपाचं टोक हत्याराने फुलवावं लागतं. पण त्याआधी पाइपात नट ओवायचा. एकदा टोक फुललं की नट आत जात नाही. ही गोष्ट देवरे सरांनी आम्हाला फळ्यावर आकृती काढून समजावली होती.

सर सटाण्याकडचे. काम एकदम नेटकं. त्यांनी दोऱ्याने माप घेतलं, पाइप कापला, वहिनींच्या दुधाच्या पातेल्याला वळसा घालून सुरेख वाकवला, दोन्ही टोकं फुलवली. आम्ही वाहवा केली. मी वाटी पुढे केली. "सर, हे दोन नट कुठे जातात?"

सर पाइपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कापा."

दुसऱ्यांदा एक नट ओवला, दुसरा वाटीतच राहिला. कापा! तिसऱ्यांदा दोन्ही ओवले, पण दोघांची तोंडं एकाच दिशेला. कापा! मागच्या चाकासाठी घेतलेला लांबलचक पाइप एवढासा झाला. सरांनी तो जीपला लावून पाहिला, त्यांचा चेहरा उजळला आणि आनंदात गावाकडची अहिराणी बाहेर आली.

"काही वाया जात नाही हो! पुढच्या चाकाला बरोबर शे!"

*

सुभेदारांना एक खोड होती. जीपखाली गेले की आधीच्या ड्रायव्हरचा उद्धार सुरू. "ज्या कुणी ही चालवली, त्याला गाडीची लय अक्कल हुती! ब्रेकच्या जागी काय देवाचं नाव घेत हुता का?" तीन महिने आम्ही हे ऐकलं.

एका रविवारी मी ब्रेक ऑइलची बाटली बॉनेटवर ठेवली आणि ती कलंडली. ब्रेक ऑइल रंग खातं, हे मला कोण सांगणार? पुसायला गेलो तर गायकवाडांनी हौसेने दिलेला निळा रंग फडक्याबरोबर निघून आला. खाली लष्कराचा हिरवा रंग आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत जुना नंबर.

सुभेदार चष्मा लावून जवळ आले. नंबर वाचला. पुन्हा वाचला आणि खोक्यावर मटकन बसले.

"काय झालं भाऊ?" वहिनींनी दारातून विचारलं.

"वहिनी, ह्या गाडीवर तीन वर्सं मीच हुतो."

सुभेदारांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "तरी कुणीतरी चांगली ठेवली हुती, नाय का?"

*

शेवटचं काम पाइपातली हवा काढायचं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी नट सैल करून हवा सोडायची आणि परत आवळायचा. तो आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत!

आधी देवरे सरांना बसवलं. द्रवाचा दाब सगळीकडे सारखा कसा पोचतो हे सांगता सांगता ते खडू घ्यायला उठले. हवा आत! मग मला बसवलं. मला शिंक आली. हवा आत! गायकवाड चाकापाशी डोक्याला हात लावून बसले.

"सरका," असं म्हणत वहिनी आल्या. खोकं ओढलं, त्यावर उभ्या राहिल्या, एका हाताने काच धरली आणि बाहेरूनच पाय आत घालून पेडलवर ठेवला.

"वहिनी, सीटवर बसा की!" मी म्हणालो.

"मी बसणार नाही म्हटलं होतं. पाय देणार नाही म्हटलं नव्हतं."

"दाब!" गायकवाड खालून ओरडले.

"दाबलं!"

"सोड!"

तीन चाकं झाली. चौथ्याला नट किती आवळायचा यावरून सुभेदार आणि सर यांची जुंपली. गायकवाडही त्यात उतरले. सुभेदारांच्या घरून चहा आला, पिऊन झाला. तेव्हा वरून आवाज आला, "अहो, सोडू का?"

पाव तास त्या एका पायावर उभ्या होत्या!

"अगं, सोडायचंस ना!"

"तुम्ही कुठे म्हणालात सोड?"

*

पुढच्या रविवारी गायकवाडांनी वहिनींना काहीच विचारलं नाही. नुसतेच फडक्याने डावी सीट पुसत राहिले. तीन महिने ती रिकामी सीट बघून मलाच वाईट वाटायचं, त्यांचं काय होत असेल! इतक्यात वहिनी नवी साडी नेसून, पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"चला नांदगावला. आधी कॅम्पातून ताईला घेऊ."

गायकवाडांना स्टार्टर सापडेना. मी आणि सुभेदार मागे चढलो.

बाजाराच्या अलीकडचा तोच उतार आला. जीपने वेग घेतला आणि उजवीकडून एक म्हैस रस्त्यात येऊन आडवी उभी राहिली.

"दाब!" गायकवाड सवयीने ओरडले आणि त्यांनीच पेडल दाबलं.

जीप जागच्या जागी थांबली. इंजिन बंद पडलं. म्हैस वीतभर अंतरावर होती. तिने बॉनेट हुंगलं आणि सावकाश निघून गेली.

"लागले! सुशीला, लागले गं ब्रेक!" गायकवाडांच्या डोळ्यांत चक्क पाणी.

वहिनींचे डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी पुढची दांडी धरलेली, आणि उजवा पाय समोरच्या पत्र्यावर पूर्ण जोर लावून टेकलेला.

डोळे न उघडताच त्यांनी विचारलं,

"अहो, सोडू का?"