पाणी चालू हाये

माझ्या वेबसाइटवर सहाच ओळी होत्या. आलापल्लीच्या पुढं, भामरागडच्या वाटेवर आणि आसपासच्या फाट्यांवर नाल्यांना जे बुटके पूल आहेत, ज्यांना आम्ही रपटे म्हणतो, त्यातल्या सहा रपट्यांची नावं आणि प्रत्येकापुढं एक शब्द. हिरव्यात ‘चालू’, नाहीतर लालमध्ये ‘बंद’. पावसाळ्यात चंद्रपूरहून तिकडं निघणारा माणूस आधी तिथं बघायचा आणि मग गाडीला किल्ली लावायचा.

ही वेबसाइट मी एकेक ओळ हातानं लिहून केली होती. हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी म्हणत असे. चंद्रपूरच्या आयटीआयत संगणक शिकवतो, त्यामुळं ऐकून घ्यायला हक्काची माणसं होती. बाजारातली तयार चौकट नाही, घरी विणलेली खाट आहे, असं मी सांगे. त्या खाटेवर माझ्याशिवाय कुणाला बसता येत नव्हतं, हा मला तिचा गुण वाटायचा.

रपट्याजवळची माणसं मेसेज करायची आणि मी शब्द बदलायचो. मग एका पावसाळ्यात मला आळस आला, आणि आळसाला मी कल्पकता असं नाव दिलं. मेसेज आपोआप वाचणारा प्रोग्राम लिहिला. त्यात ‘चालू’ किंवा ‘उतरला’ दिसलं की हिरवं. ‘बंद’ किंवा ‘बुडाला’ दिसलं की लाल. मी मोकळा.

इशारा लगेच मिळाला होता. एका रपट्याच्या तोंडाशी किराणा दुकान चालवणाऱ्या एक बाई मला नेमानं कळवायच्या. त्यांनी एकदा सहज लिहिलं, “भाऊ, आज दुकान बंद हाये. तेरवीले जाऊन राह्यली.” झालं. ठणठणीत कोरड्या रपट्यापुढं दिवसभर लाल ‘बंद’ झळकत राहिलं आणि कित्येकांनी जाणं रद्द केलं. मी हे चारचौघांत हसून सांगत फिरलो. प्रोग्राम मात्र दुरुस्त केला नाही. किस्सा छान जमला होता ना.

त्याच बाईंचे सासरे, जन्मभर तळ्यात जाळं टाकलेला माणूस, चंद्रपूरच्या दवाखान्यात पोटाच्या ऑपरेशनला आले होते. सुटी मिळाली त्या सकाळी बाईंच्या नवऱ्यानं घरी फोन लावून पाहिला. लागला नाही. त्यांच्याकडचा टॉवर असा की मेसेज कसाबसा निघतो, बोलणं होत नाही. मग त्यांनी माझी साइट उघडली. घरापुढच्या रपट्यासमोर हिरवं ‘चालू’ होतं. बापाला जीपमध्ये आडवं घालून ते निघाले.

घर समोर दिसत होतं आणि मध्ये नाला फुगलेला होता. वळून मागं आले तर मागचा नालाही चढलेला. दोन नाल्यांच्या मधल्या पाड्यावर, शाळेच्या व्हरांड्यात, ओल्या सतरंजीवर म्हातारबाबा दोन दिवस पडून राहिले. पाड्यातल्या माणसांनी भात आणि आंबील पुरवली, पण औषधाची पिशवी भिजली आणि टाके पिकले. पाणी ओसरल्यावर त्यांना उलट चंद्रपूरलाच आणावं लागलं.

चौथ्या दिवशी दवाखान्यातून बाईंचा फोन आला.

“भाऊ, तुमच्या मोबाईलात चालू काऊन दाखवून राह्यलं होतं?”

“तुम्हीच तसं पाठवलं असेल,” मी मास्तरी आवाजात म्हणालो.

“मी लिवलं, पाणी रपट्यावरून चालू हाये. पाणी, भाऊ. रस्ता कोण म्हणलं?”

मी मेसेज काढून बघितला. बरोबर तेच शब्द होते. वाहत्या पाण्याला आमच्याकडं चालूच म्हणतात, हे मला ठाऊक होतं. मी इथंच वाढलो आहे. प्रोग्राम लिहिताना मात्र मी पुण्याचा झालो होतो.

दवाखान्यात गेलो. म्हातारबाबांना ताप होता. माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी मला बराच वेळ निरखलं.

“तुमीच का ते हिरवा-लालवाले?”

“हो.”

“नाला तं मातीच्या रंगाचा राह्यते, भाऊ,” ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती एका शाळेच्या कार्यालयात काम करते. त्यांची वेबसाइट नुकतीच तयार सीएमएसवर नेली होती, म्हणजे अशा व्यवस्थेवर, जिथं पासवर्ड टाकून साधा कारकूनही मजकूर लिहू-खोडू शकतो. “तशी करा,” ती म्हणाली. “त्या बाईंना स्वतःच लिहू द्या. नाला त्यांच्या दारात आणि त्याचा दाखला देणार तुम्ही, सिव्हिल लाइन्सात बसून?”

मी कारणं सांगितली. तयार व्यवस्था जड असते. माझं पान टॉवरच्या एका काडीवर उघडतं, ते उघडणार नाही. सतत अपडेट करावं लागतं, नाही केलं तर कुणीतरी घुसतं. कारणं सगळी खरी होती, म्हणूनच ती सांगायला बरं वाटत होतं. न सांगितलेलं कारण एवढंच, की मग मला कुणी विचारणार नव्हतं.

“आणि तुम्ही आजारी पडलात तर?” बायकोनं विचारलं.

“पडत नाही मी.”

“तो व्हरांड्यातला माणूसही असंच म्हणत असेल.”

प्रोग्राम मी त्याच दिवशी बंद केला आणि पुन्हा हातानं शब्द बदलू लागलो, पण वर्गात असताना आलेले मेसेज तासन्‌तास तसेच पडून राहत. हत्ती नक्षत्र अजून बरसायचं होतं. पुढची जीप कुणाची असेल, हे डोक्यातून जाईना. शेवटी म्हातारबाबांना भेटायच्या निमित्तानं पुन्हा गेलो आणि बाईंना विचारलं, “तुमच्या हाती दिलं तर लिहाल?”

“लिवीन. पण ते दोन शब्द नोका ठेवू. चालू नाई तं बंद, असा नाला नाई राहत. सकाळी गुडघ्याएवढा, दुपारी छातीएवढा. तुमच्या दोन शब्दांत मावते का तो?”

मग मी सीएमएस घेतली. तिच्यातली चित्रं, सजावट, जे दिसेल ते काढून टाकलं. तरीही ती माझ्या पानापेक्षा जडच राहिली. रंग काढले. प्रत्येक रपट्याखाली मोकळी जागा ठेवली आणि सहाही रपट्यांवरून कळवणाऱ्यांना पासवर्ड दिले.

हत्तीच्या पहिल्या पावसात मी साइट उघडून बसलो. पांढऱ्या पडद्यावर, पान उघडेपर्यंत फिरतं ते चक्र फिरतच होतं. जुनं पान एव्हाना दोनदा उघडलं असतं. मग ओळ उमटली.

“पाणी रपट्यावरून चालू हाये. कंबरेएवढा. कोणी येऊ नोका.”

माझा हात सवयीनं शुद्धलेखनाकडं गेला, तो मागं घेतला. पण चक्र फिरत होतं तेवढ्या वेळात किती जणांनी कंटाळून फोन खिशात टाकला आणि किल्ली लावली असेल, ते मला कुठंच दिसत नव्हतं. मी पान पुन्हा उघडलं. चक्र पुन्हा फिरायला लागलं.