बैल आधी सोडा

आमच्या मालकांना साप चावला त्या दिवसापासून मला फोन करता येतो. त्याआधी मी फोनला हात लावला नव्हता.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. सोयाबीन काढून घरामागच्या खळ्यात ढीग घातला होता. दुपारी आभाळ भरून आलं म्हणून मालक ताडपत्री ओढायला गेले. ताडपत्रीच्या घडीत साप होता. घोट्याच्या वर चावला आणि निघून गेला. कोणता होता ते कोणी नीट पाहिलं नाही, पण जो तो वेगळं नाव सांगत होता.

थोरले दीर धावत आले. त्यांनी मालकांना लिंबाचा पाला चावायला दिला. पाला कडू लागला तर विष चढलं नाही, असं आमच्याकडं धरतात. मालक म्हणाले, कडू लागतो. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं, कारण पाय डोळ्यांदेखत सुजत होता. फोन करून येते, असं दिरांना सांगून मी निघाले.

दवाखान्याचा नंबर अंगणवाडीच्या भिंतीवर होता. लस द्यायला येणाऱ्या नर्सबाईंनी तो गेरूनं लिहून ठेवला होता. रोज येता-जाता दिसायचा. मी चौथी शिकलेली, आकडे वाचता येतात. कोळशानं तळहातावर उतरवून घेतला आणि किराणा दुकानात गेले. तिथं रुपया टाकायचा फोन होता. आकडे कसे दाबायचे ते दुकानदारानं दाखवलं. पलीकडून आवाज आला तशी मी लांबच्या शेतातल्या माणसाला हाक मारावी तशी ओरडले, साप चावला, गाडी पाठवा, लवकर या. आणि फोन ठेवून दिला. निरोप पोचला की काम झालं, एवढंच मला ठाऊक.

दुकानदार म्हणाला, "काकू, गावाचं नाव कोन सांगंल?"

दुसरा रुपया त्यानंच टाकला. या वेळी पलीकडच्या माणसानं मला सोडलं नाही. ओरडू नका, ऐकू येतं, म्हणाला. मग एकेक विचारत गेला. गाव कोणतं, कोणत्या रस्त्यानं यायचं, चावून किती वेळ झाला, माणूस शुद्धीवर आहे का, बोलतो का. विचारलं तेवढंच मी सांगितलं. शेवटी त्यानं बजावलं, "पेशंटला चालवू नका. आहे तिथंच निजवून ठेवा, कुठं हलवू नका. डांबरीवर एक माणूस उभा करा." गावाचं नाव माझ्याकडून परत एकदा म्हणवून घेतलं आणि मगच फोन ठेवायला सांगितला.

घरी आले तर खळ्यात कोणी नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "तुज्या दिरानं बैलगाडी जुपली. पांदणीनं नांदेड रस्त्याला घेऊन चालले. तिथं जीप भेटती म्हने."

दिरांना काही वाईट करायचं नव्हतं. पण दवाखान्याची गाडी बोलावल्यावर येते, हे आमच्या गावात कोणी पाहिलेलंच नव्हतं. म्हणून फोनही करू दिला आणि बैलही जुंपले. ती गाडी डांबरीनं येणार आणि आपला माणूस शेतातल्या वाटेनं जाणार, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. पांदणीत गुडघाभर चिखल आहे, हेही नाही.

मी पळत जाऊन बैलगाडी गाठली असती. पण मग डांबरीवर कोण उभं राहणार? मी डांबरीवर गेले. नवरा मरायला टेकला आणि ही रस्त्यावर उभी, असं नंतर बायका बोलल्या. बोलू दे.

गाडी पाऊण तासात आली. पेशंट बैलगाडीत घालून नेला म्हटल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "मंग आमाला काहून बोलावलं?" मी म्हटलं, भांडण परत येताना करू, आधी चला. पुढं ड्रायव्हरजवळ कंपाउंडर होता, म्हणून मी मागं चढले आणि तिथून रस्ता सांगत राहिले. फाट्यावर बाजार होता, गाडी हळू झाली. लोकांनी खिडकीतून आत वाकून पाहिलं. आत मी एकटीच.

बैलगाडी नांदेड रस्त्याच्या अलीकडच्या ओढ्यात रुतलेली सापडली. दीर चाकाला खांदा लावून उभे होते. अंगभर चिखल, तोंडावर रंग नाही. मालकांच्या पापण्या जड झाल्या होत्या. ड्रायव्हर आणि कंपाउंडर स्ट्रेचर घेऊन चिखलात उतरले, त्यांच्या मागं मी. मला पाहून मालक जड जिभेनं म्हणाले, "तू काहून गाडीत बसून आलीस?"

मला राग आला आणि बरंही वाटलं. जीभ जड झाली होती, पण खोड शाबूत होती.

दवाखान्यात सलाईन लावलं, त्यातून औषध सोडलं. संध्याकाळपर्यंत पापण्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, सोयाबीन झाकलं का. शेजाऱ्यांनी झाकलं होतं. हे ऐकून ते झोपले. मग मी व्हरांड्यात बसून भाकरी खाल्ली. कालपासून पोटात काही नव्हतं.

खात होते तर माझा भाऊ रडत आला. फाट्याच्या बाजारात त्याला कोणी सांगितलं होतं की तुझ्या बहिणीला दवाखान्याच्या गाडीत नेलं, काही खरं दिसत नव्हतं.

"जिती हायेस व्हय?" तो म्हणाला.

"दिसत न्हाई का? भाकर खाऊन राहिले."

तो तिथंच खाली बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

तेव्हापासून गावात कोणाला काही झालं की फोन करायला मला बोलावतात. मी आधी गाव सांगते, मग रस्ता, मग माणसाला काय झालं ते. पलीकडचा ठेव म्हणेपर्यंत ठेवत नाही. पण दुकानात जायच्या आधी त्यांच्या अंगणात बघते. कोणी बैल जुंपत असलं तर सोडायला लावते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा लोक कुरकुरले. तेव्हा दीरच पुढं झाले आणि बैलांच्या मानेवरून जू काढलं.