टाकलेली चांगुणाबाई

राणीसावरगावात चांगुणाबाईला नावानं ओळखणारे थोडेच. ‘सितारामनं टाकलेली’ म्हटलं की पोरंटोरंही घर दाखवत. तरणाताठा सिताराम सोनपेठच्या बाजाराला गेला तो गेलाच. मुलगा तेव्हा पाळण्यात होता. धाकटा दीर लिंबाजी भावाला हुडकायला गेला आणि परत येऊन सांगता झाला, की त्यानं बाई ठेवलीय, तिला घेऊन हैदराबादला गेलाय.

विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, लावायची रीत त्यांच्यात होती. जिंतूरकडचा एक बिजवर मागणी घालायलाही आला होता. पण पंच म्हणाले, नवरा जिता असताना पाट कसा लावायचा? झालं. बाईनं चाळीस वर्षं लिंबाजीच्या घरचं शेण काढलं, दळण दळलं, त्याची पोरं न्हाऊ घातली. एवढं करून नाव ‘टाकलेली’च. असल्या न्यायाला काय म्हणावं?

१९७४ साली तिचा नातू नागनाथ शाळेत मास्तर झाला. म्हातारी त्याला म्हणाली, “नागनाथा, तू शिकलास. तुजा आजा जिता हाय का मेला, एवढं हुडक. मला लुगडं नगं, काई नगं.”

हैदराबादला राहणाऱ्या गाववाल्यांनी सितारामला तिथं कधी पाहिलं नव्हतं. मग नागनाथनं जिथून माणूस हरवला तिथूनच सुरुवात केली. कचेरीत खेटे घालून निजामाच्या काळातल्या मयतांच्या नोंदी काढवल्या. सगळं उर्दूत. एका पेन्शनर मुन्शीजींना गळ घालून सोबत नेलं. ते वाचत वाचत एका पानाशी थांबले.

“सिताराम, राणीसावरगाव. पटकीच्या साथीत गेला, मास्तर. सोनपेठेतच, बाजाराच्या रात्री.”

“खबर कुणी दिलीय?”

“भावानं. लिंबाजी नाव हाय.”

घरी येईपर्यंत नागनाथ ठरवत होता, भावाचं नाव गाळावं. पण चुलीपुढं बसलेल्या म्हातारीनं वर पाहिलं आणि त्याला काहीच लपवता आलं नाही.

“म्हंजे त्यानं मला टाकलं न्हवतं,” ती म्हणाली. बराच वेळ ती तेच पुटपुटत राहिली. मग तिनं बाजेवर भाकरीची वाट बघत बसलेल्या दिराला विचारलं, “भावजी, तुमाला ठावं व्हतं?”

लिंबाजी खाकरला. खोटं बोलायची त्याला आता गरजही वाटली नाही. “माय आंधळी, मी एकला. तू पाट लावून गेली असतीस, तर घरचं कुनी केलं असतं?”

चांगुणाबाईनं तवा उतरवला आणि गळा काढला. नवरा गेल्यावर बाई जशी रडते तशी, त्याच्या नावानं, त्याचे गुण सांगत ती रडली. आळीतल्या बाया हातातली कामं टाकून धावल्या. शेजारची केशरबाई तर पदर तोंडाला लावून थेट बाजेकडेच गेली. म्हातारा धडधाकट बसलेला बघून ती गडबडली.

“मंग गेलं कोन?”

“माजा मालक,” चांगुणाबाई म्हणाली.