आविलातली शाल

मस्कतच्या माबेला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एकही स्वेटर नव्हता. तिथल्या उकाड्यात स्वेटर लागतो कुणाला? स्पेनला निघताना नवऱ्याने फोनवर उन्हातले फोटो बघून ठरवून टाकलं, "स्प्रिंग आहे गं, एक जॅकेट खूप झालं." आविला या तटबंदीच्या जुन्या गावात बसमधून उतरलो आणि माझे दात वाजायला लागले.

सहल हौसेची नव्हती. महिन्याभरापूर्वी मी त्याला सांगितलं होतं, मी पुण्याला आईकडे जाते, कायमची. भांडण झालं नव्हतं. भांडायला निदान बोलावं तरी लागतं. तो एवढंच म्हणाला, "आधी कुठेतरी जाऊन येऊ." मला वेडीला वाटलं, तिथे तरी तो म्हणेल, जाऊ नकोस. तेवढं ऐकायला मी इतक्या लांब आले होते.

तटावर चढलो. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. लांबच्या डोंगरांवर अजून बर्फ होता. मस्कतमध्ये आमचं जे काही बोलणं व्हायचं ते गाडीत, समोर रस्त्याकडे बघत. दूध संपलंय, पेट्रोल भरायचंय, खलास. इथे गाडी नव्हती आणि शेजारी शेजारी चालायची आम्हाला सवय नव्हती. तो पुढे, मी मागे. वळणावर थांबून म्हणायचा, "यल्ला, चल ना." एकदा थांबून जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिला. आता म्हणेल म्हणून मीही थांबले. "त्या बुरुजापाशी उभी राहा, फोटो काढतो," म्हणाला. राहिले उभी. वर हसलेसुद्धा.

खाली उतरल्यावर तो मला एका दुकानात घेऊन गेला. स्वतः निवडून त्याने जाड लोकरीची, मेंदीच्या रंगाची शाल काढली आणि माझ्या खांद्यांवर पांघरली. मानेपाशी टोक नीट खोचलं. कित्येक दिवसांत त्याने मला हात लावला नव्हता. मला रडू फुटेल असं वाटलं.

"एवढी जाड? मस्कतमध्ये काय करू हिचं?" मी विचारलं. खरं तर मी त्याच्यापुढे ताट वाढून ठेवलं होतं, त्याने फक्त घास घ्यायचा होता.

"मस्कतमध्ये कशाला?" तो पाकीट काढत म्हणाला. "पुण्यात डिसेंबरमध्ये लागेल ना तुला."

बसस्टँडपर्यंत मी ती शाल काढली नाही. थंडी फार होती.