आसाराम मेस्तरी समुद्राला गेला

नेवासा फाट्यावर आसाराम मेस्तरीचं ग्यारेज होतं. गाडी कुणाचीही येवो, बॉनेट उघडायच्या आधी त्याचा एकच सवाल असायचा, "कुणी हात लावला हिला?" आधी माणूस दोषी ठरवायचा, मग यंत्राकडं बघायचं, ही त्याची रीत. ड्रायव्हर मंडळी मान खाली घालून क्लीनरकडं बोट दाखवायची. मेस्तरी चुकला, असं म्हणायची फाट्यावर कुणाच्या बापाची टाप नव्हती.

ह्या आसारामनं सत्तर साली नगरच्या लिलावात मिलिटरीची एक जुनी पिकअप घेतली. पुढं बसायची जागा, मागं उघडा हौदा. लोकांना वाटलं, आता हा कांदे वाहणार. पण गड्याच्या डोक्यात भलतंच. त्याची बायको भागिरथी लग्नापासून एकच मागत आली होती, "आवं, येकदा मला समिंदर दाखवा." तिचं माहेर खर्ड्याकडचं, तिथल्या ओढ्याला चार महिने पाणी. तेव्हा आसारामनं ठरवलं, बायको आणि दोन्ही पोरं घ्यायची, हौद्यात बिऱ्हाड टाकायचं आणि दिवस मावळेल तिथं मुक्काम करत अलिबाग गाठायचं.

फाटा खो खो हसला. "मेस्तरी, बिऱ्हाड घिऊन निघालाव, गाढव तेवढं राहिलं की!" आसारामनं कान दिला नाही. वर्षभर सवड मिळंल तसा तो गाडीला भिडला. ओझं पेलावं म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पान घातलं. लोखंडी कमानी वाकवून वर ताडपत्री ताणली. तीन वर्षांची धाकटी लेक छबू बाहेर पडू नये म्हणून कठडा केला, स्टोव्ह कलंडू नये म्हणून त्याला लाकडी खोका केला. आणि मिलिटरीचेच चार पत्र्याचे डबे आणले, दोन पेट्रोलला, दोन पाण्याला. पाण्याच्या डब्यांवर पांढरा पट्टा होता.

खंडेनवमीला पान्यापासून हातोड्यापर्यंत सगळं धुऊनपुसून पुजायचं. त्या एकाहत्तरच्या सणाला आसारामनं गाडी हिरवीगार रंगवली आणि उरल्या रंगात चारी डबेही रंगवून टाकले. पट्टे गेले. हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, काय ती शोभा! पट्टे उद्या मारू म्हणाला, आणि उद्या काही उजाडलाच नाही. त्याऐवजी त्यानं भागिरथीला बजावलं, "डावीकडं पानी, उजवीकडं पेट्रोल. ध्यानात ठेव." तिनं ते पाढ्यासारखं पाठ केलं.

दिवाळीच्या सुट्टीत निघाले. पहिला मुक्काम ओतूरच्या अलीकडं, एका आंब्याखाली. सकाळी भागिरथीनं विहिरीवरून पाण्याचे दोन्ही डबे भरून आणले आणि डाव्या बाजूला ठेवले. छबू झोपेतच होती, तिला गोधड्यांवर टाकून गाडी सुटली.

माळशेज घाट उतरला आणि पेट्रोल संपत आलं. आसारामचं नाक सर्दीनं चोंदलेलं. त्यानं उजवीकडचा डबा ओढला, टाकीत रिकामा केला. शंभर पावलं गेली असेल नसेल, गाडी दोनदा खोकली आणि ठप्प. त्यानं खाली जाऊन नळी सोडली, हातावर धार घेतली. पाणी!

"कुणी हात लावला डब्यांना?"

भागिरथी दचकली. "म्याच सकाळी पानी भरलं. पर डावीकडंच ठिवलं हुतं..."

"डावं-उजवं कळतं का तुला? वर्षाची मेहनत पाण्यात घातली! घरात बसायच्या लायकीची तू, निघाली समिंदर बघायला!"

दोन ट्रक थांबले होते. त्यातला एक ड्रायव्हर ओळखीचा, सूर्यभान. तो बघत होता. सात वर्षांचा थोरला मच्छिंद्र आईच्या लुगड्याला चिकटून उभा. भागिरथी खाली बघत म्हणाली, "चुकलं असंल माझं."

आसाराम गाडीखाली शिरला. टाकीचा नट सोडला आणि पाणी गळताना बघत पडला. तेव्हा त्याला आठवलं. सकाळी छबूला ऐसपैस निजता यावं म्हणून गोधड्या नीट करताना चारी डबे आपणच खाली काढले होते, आणि आपणच घाईत वर टाकले होते. भागिरथी तेव्हा भांडी घासत होती.

खरं तर बाहेर येऊन दोन शब्द बोलायचे होते. पण बाहेर सूर्यभान उभा. मेस्तरीची इज्जत जायची ना! कसली डोंबलाची इज्जत! बायकोची चारचौघांत काढली तेव्हा कुठं गेली होती ही इज्जत? आसारामनं टाकी रिकामी केली, कार्बोरेटर पुसला, दुसऱ्या डब्यातलं पेट्रोल आधी हातावर घेऊन पारखून ओतलं आणि गाडी सुरू केली.

अलिबागला पोरं किंचाळत लाटांत शिरली. भागिरथी हौद्याशी बसून राहिली. प्यायला पाणी घेताना विचारायची, "ह्यातलं घिऊ का?" स्टोव्हला हात लावायच्या आधी विचारायची. आसारामनं खरं सांगायला तीनदा तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा चहा मागितला. बाजारातून तिला काचेच्या बांगड्या आणल्या. तिनं त्या हसून भरल्या, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठव्या दिवशी गाडी फाट्यावर आली तशी सगळी गोळा झाली. शेजारची लंकाबाई पुढं आली. "कसा हाय गं समिंदर?"

भागिरथी ओशाळं हसली. "आगं, माझ्यामुळं गाडीच बंद पडली. पेट्रोलच्या जागी म्या पानी ठिवलं. ह्यांचा लई जीव गेला नीट करता करता."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "मेस्तरी हुता म्हणून निभावलं."

आसारामला ते ऐकवेना. "तिनं न्हाई ठिवलं," तो म्हणाला. "म्या ठिवलं. गाडीखाली गेलो तवाच ध्यानात आलं हुतं."

भागिरथी त्याच्याकडं बघत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तवाच कळलं हुतं?"

"व्हय."

"मंग तवाच बोलायचं की वो. परत चूक नगं म्हणून म्या त्या डब्यांवरनं नजर काढली न्हाई. आता लंकाबाईला काय सांगू? मला समिंदर दिसलाच न्हाई."